पुड्या

तेराव्याची जेवणं उरकली होती. मांडवातल्या खुर्च्या अस्ताव्यस्त झाल्या होत्या, वाढपी स्वतः जेवायला बसले होते, आणि अशा वेळी उठावं की थांबावं या विचारात जी माणसं उगाच रेंगाळतात त्यांत मी होतो. शेजारी एक चाळिशीचा माणूस येऊन बसला. सोनकच्छच्या पुढे कुठल्याशा गावात त्याचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं दुकान होतं. न सांगताही कळलं असतं, नखांच्या कडांना साबणाला दाद न देणारं काळं ग्रीस होतं. ‘आप सर के कौन?’ त्याने विचारलं. लहानपणचा मित्र, मी म्हटलं. त्यावर त्याने खुर्ची जरा जवळ ओढली. सहावी ते आठवी सरांकडे होतो म्हणाला, आणि मग बराच वेळ काही बोलला नाही. पाण्याचा ग्लास हातात फिरवत राहिला. शेवटी म्हणाला, ‘तीन साल पढ़ाया साहब सर ने. जवाब एक नहीं दिया.’ तक्रारीचा सूर नव्हता. उलट, हे भाग्य आपल्याला लाभलं आणि आजूबाजूच्या गावांतल्या पोरांना लाभलं नाही, अशी एक ऐट होती त्यात.

मी ते वाक्य घेऊन घरी आलो आणि रात्री ते झोपू देईना. कारण मी ज्याला ओळखत होतो त्याच्याकडे जगातल्या एकूण एक प्रश्नांची उत्तरं होती. विचारणाऱ्याचं वाक्य संपायच्या आत तो ती द्यायचा. फक्त ती खोटी असायची.

आम्ही त्याला पुड्या म्हणायचो.

इंदूरच्या नंदानगरात आमची घरं एका रांगेत होती. त्याचे वडील मिलमध्ये, वीव्हिंगला. माझे वडील कामगार विम्याच्या दवाखान्यात कंपाउंडर. घरात मराठी, गल्लीत हिंदी, शाळेत सरकारी हिंदी, आणि भांडताना तिन्हींची मिसळ. त्याचे वडील पाळीवरून आले की दारातच सदरा झटकायचे. भुवयांवर, कानांच्या पाळ्यांवर कापसाचा भुरा असायचा आणि सबंध ओटीवर खळीचा आंबूस वास पसरायचा. भोंग्यावर सगळ्या वस्तीचं घड्याळ चालायचं. हा भोंगा एवढा मोठा कसा वाजतो, असं मी एकदा विचारलं. पुड्या म्हणाला, ‘आत हत्तीची हाडकं लावलीत. नेमाडमधून आणली. माझ्या मामाने स्वतः उतरवून घेतली, सतरा पोती होती.’

त्याच्या पुडीचं हे कसब होतं. एक आकडा आणि एक साक्षीदार. आकडा कधी गोल नसायचा. वीस पोती कोणी मानली नसती, सतरा मानली. आणि साक्षीदार नेहमी बऱ्हाणपूरला राहणारा मामा, म्हणजे आमच्यापैकी कोणी जाऊन विचारणं शक्य नाही. सराफ्यातली जिलेबी पिवळी का? तर दिवसा सोनारांच्या पेढ्या असतात, रात्री त्यांच्याच ओट्यांवर हलवाई बसतात, सोन्याचा भुरा कढईत उडतो. गेरच्या, म्हणजे रंगपंचमीच्या मिरवणुकीच्या, दिवशी राजवाड्यावर गुलाल एवढा उंच कसा जातो? तर होळकरांच्या तोफेतून. ही पुडी त्याने रंगपंचमीला ऐन राजवाड्यासमोर सोडली होती, डोळ्यांसमोर गुलाल उडवायचं यंत्र दिसत असताना, आणि आम्ही तरी यंत्रामागे तोफ शोधत होतो. १९७८ मध्ये नर्मदेचं पाणी इंदूरला आलं तेव्हा आम्ही तेरा-चौदा वर्षांचे. थोरांच्या तोंडी पाण्यासाठीच्या आंदोलनाच्या गोष्टी, जलूदहून सत्तर किलोमीटरची पाइपलाइन, घाट चढवून आणलेलं पाणी. पुड्याने जाहीर केलं की पहाटे नळाला कान लावला तर मंडलेश्वरच्या घाटावरची घंटा ऐकू येते. दुसऱ्या दिवशी पहाटे गल्लीतली पाच-सहा पोरं सार्वजनिक नळाभोवती उकिडवी बसलेली, आणि मला आजही शपथेवर विचारलंत तर मी ऐकली होती.

१९८० च्या फेब्रुवारीत सूर्यग्रहण झालं. खग्रास पट्टा आपल्यापासून फार दक्षिणेला होता, इंदूरला खंडग्रासच, तरी दुपारी मालवा मिलच्या चौकात चिटपाखरू नव्हतं. त्या दिवशी त्याने खिडकीच्या फटीला डोळा लावून बाहेरची हकिगत आम्हाला सांगितली. कुत्री उलटी चालतायत, कडुनिंबाची सावली हिरवी पडलीय. आम्ही तोवर चांगले मिसरूड फुटलेले होतो. तरी खिडकी उघडून बघायची कोणाची छाती झाली नाही.

आणि एक झांकीची गोष्ट, म्हणजे गणपतीच्या मिरवणुकीतल्या मिलच्या चालत्या देखाव्याची. ती मी बऱ्याच जणांना सांगितली आहे, कारण पुड्याचा सर कसा झाला याचं माझं उत्तर इतकी वर्षं हीच गोष्ट होतं.

अनंत चतुर्दशीच्या रात्री इंदूरचं लहान पोरही झोपत नाही हे वेगळं सांगायला नको. हुकुमचंद, मालवा, राजकुमार, स्वदेशी, कल्याण. प्रत्येक मिलची झांकी दुसऱ्या मिलच्या झांकीला खाली पाहायला लावण्यासाठी महिनाभर खपून उभी केलेली. त्या वर्षी पुड्याच्या वडिलांच्या मिलने बकासुर केला होता. जबडा उघडायचा, मिटायचा, डोळे लाल व्हायचे. पुड्याचं आधीच ठरलेलं होतं, आत माणूस बसवलाय, तो दोर ओढतो, आणि त्याला दर तासाला दोन कचोऱ्या पुरवतात. चतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी त्याच्या वडिलांना डबा द्यायच्या निमित्ताने तो, मी आणि आमच्यातला तिसरा, असे मिलच्या आवारात शिरलो. ट्रॉलीच्या चारी बाजूंना गोणपाट सोडलेलं होतं. आम्ही ते उचलून आत रांगत गेलो. सरसाचा आणि ओल्या रंगाचा वास, वर बांबूंचा सांगाडा, उघड्या वायरी. आणि तिथे खरोखरच एक माणूस होता. पाठीवर पडलेला, पोत्यावर, तोंडात बिडी. पायाच्या अंगठ्याला सुतळी बांधलेली. त्याने आमच्याकडे मान वळवली, ‘क्या है रे?’ म्हणाला आणि पाय ताणला. वर कुठेतरी खडाड् करून बकासुराचा जबडा उघडला. मी हसत सुटलो. पुड्या हसला नाही. त्याची पुडी आयुष्यात पहिल्यांदा खरी निघाली होती आणि त्याचा चेहरा पांढरा पडला होता. परत येताना जेल रोडपर्यंत तो अक्षर बोलला नाही. मला नेहमी वाटत आलं, की कल्पनेपेक्षा खरं जास्त अजब निघतं हे त्याला त्या गोणपाटाखाली दिसलं. ट्रॅक्टरवाल्याचा तो सर तिथे जन्माला आला.

हे मला फार पटतं. पण त्यानंतरही तो कित्येक वर्षं पुड्या सोडतच होता, ग्रहणातली ती नंतरचीच, हेही मला माहीत होतं. त्या भागाकडे मी फारसं बघायचो नाही.

तो मास्तर झाला तो काही ध्येयाने वगैरे नाही. बीएससी झाला, मिलमध्ये वशिला लावण्यात अर्थ उरला नव्हता, शिक्षण खात्याची जागा निघाली, देवास जिल्ह्यात मिडल स्कूल मिळालं. १९८६ ची गोष्ट. पहिले महिने इंदूरला बदली कशी मिळेल याच खटपटीत होता. मग त्याला उन्हाळ्याच्या सुट्टीत प्रशिक्षणाला पाठवलं. होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम. १९७२ मध्ये होशंगाबाद जिल्ह्यातल्या सोळा शाळांतून सुरू झालेला, तोवर आमच्या माळव्यातल्या काही शाळांतही पोचला होता. मास्तरांनीच तीन आठवडे बाकावर बसायचं, फुलं चिरायची, सेल जोडायचे, आणि पोरांना जे करायला सांगणार ते आधी स्वतःच्या हातांनी करायचं. पुस्तकाचं नाव ‘बाल वैज्ञानिक’, आणि त्या पुस्तकात प्रश्न असायचे, उत्तरं नसायची. परीक्षेला पुस्तक उघडं ठेवायची मुभा. पुण्याचे म्हणून आपण ज्यांना ओळखतो त्या अरविंद गुप्तांची काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबची खेळणी, ती याच कार्यक्रमात जन्मली. पुड्या परत आला तेव्हा खिशात व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे घेऊन आला. आमच्या घरी चहा पिता पिता त्याने काड्यांचा एक त्रिकोण केला, एक चौकोन केला, आणि माझ्यापुढे सरकवले. दाबून बघ, म्हणाला. चौकोन कलंडला, त्रिकोण हलला नाही. का रे, मी विचारलं.

‘तूच बघ ना,’ तो म्हणाला.

मला राग आला होता, खरं सांगतो. वीस वर्षं ज्याने कधी मला उत्तराशिवाय ठेवलं नाही त्याने पहिल्यांदा ठेवलं, आणि तेही माझ्याच घरी, माझ्या बायकोसमोर.

एकदा त्याच्या शाळेत गेलो होतो. पावसाळ्याचे दिवस, चहूकडे सोयाबीन, व्हरांड्यात सातवीचा वर्ग. काचेच्या बरणीत ओला कागद लावून कागद आणि काच यांच्यामध्ये सोयाबीनचे दाणे खोवलेले. एक सरळ, एक उलटा, दोन आडवे. प्रश्न असा, की दाणा उलटा लावला तर मूळ वर जाईल का? शेतकऱ्यांचीच पोरं ती. निम्मी म्हणाली जाईल, निम्मी म्हणाली दाणा कुजेल. एका मुलीने विचारलं, सर, तुम्ही सांगा. सर म्हणाले, मला काय ठाऊक, चार दिवसांनी बघू. तेवढ्यात एका पोराचा बाप काही कामाने आला होता, तो कठड्याला टेकून हे सगळं ऐकत होता. जाताना मला बाजूला घेऊन गंभीरपणे म्हणाला, ‘मास्टर आदमी अच्छे हैं. पर इनको आता कुछ नहीं.’ संध्याकाळी बसची वाट बघताना मी पुड्याला हे सांगितलं. तो इतका हसला की त्याला ठसका लागला. मग मी विचारलं, तुला खरंच माहीत नाही? तो म्हणाला, ‘माहीत आहे रे. मूळ खालीच वळतं. पण मी सांगितलं तर ती पोरं लगेच मानतील. मला लोक किती लवकर मानतात ते तुला माहीतच आहे.’ थोड्या वेळाने, बस दिसायला लागल्यावर, आणखी म्हणाला, ‘माझ्या तोंडून निघालं की मलाच पुडी वाटते.’

हे बोलून तो मोकळा झाला. मी मात्र त्या वाक्याशी अजून झटतोय.

त्याच सुमाराला आणि पुढच्या काही वर्षांत इंदूरच्या मिल एकेक करून बंद पडत गेल्या. त्याच्या वडिलांचीही पडली. घरी बसलेले ते रोज सकाळी इस्त्रीचा सदरा घालून गेटवर जायचे. तिथे सभा, घोषणा, आणि मुख्य म्हणजे बातम्या. दिल्लीत फाइल सरकली. अहमदाबादचा शेठ बघून गेला, बॉयलरखात्यातल्या एकाने स्वतः पाहिला. दिवाळीनंतर भोंगा वाजणार, पहिल्या पाळीत अकराशे लोक घेणार. आकडा आणि साक्षीदार. पुड्या सुट्टीत आला की वडिलांबरोबर जाऊन उभा राहायचा. एकदा परत येताना माझ्याकडे डोकावला आणि म्हणाला, ‘तिथे सगळेच पुड्या सोडून राहिलेत. माझ्यापेक्षा चांगल्या. आणि बाबा रोज खाऊन घरी येतात.’ वडील गेले तेव्हा गेट बंदच होतं. पुढे डिसेंबर २०२३ मध्ये हुकुमचंद मिलच्या कामगारांच्या देण्यांचे २२४ कोटी निघाल्याची बातमी आली, १९९१ च्या डिसेंबरात मिल बंद पडली त्याला तेव्हा बत्तीस वर्षं झाली होती. त्याचे वडील त्या मिलचे नव्हते. तरी त्या दिवशी त्याचा फोन आला. बातमीवर काही बोलला नाही, इकडचं तिकडचं विचारलं आणि ठेवून दिला.

तर सर कशामुळे झाला? गोणपाटाखालचा माणूस, तीन आठवड्यांचं प्रशिक्षण, की मिलचं गेट? मी या तिन्हींची अदलाबदल करत आलोय.

तेराव्याच्या दिवशी ट्रॅक्टरवाल्याने मला आणखी एक गोष्ट सांगितली, ती मला माहीत नव्हती. १९९५ चं ग्रहण, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. शाळेला सुट्टी, गावात दारं बंद. सर देवासहून पहिल्या बसने आले. वाद कोणाशी घातला नाही. म्हाताऱ्यांना म्हणाले, वर नका बघू, बघूच नये. खाली बघायला काय हरकत आहे? दोन म्हातारे बाहेर आले, मग त्यांच्या मागून पोरं आली. शाळेच्या आवारात चिंचेचं झाड होतं. त्याच्या सावलीत एरवी उन्हाचे गोल कवडसे पडतात ते त्या सकाळी सगळे चंद्रकोरीसारखे झाले होते, शेकडो, जमिनीवर, म्हाताऱ्याच्या पांढऱ्या फेट्यावर, पोरांच्या पाठींवर. ‘हर पत्ते के बीच से एक-एक सूरज,’ तो म्हणाला, आणि हाताची पाचही बोटं दुसऱ्या हातावर आडवी ठेवून फटींतून कवडसा कसा पडतो ते मला मांडवातल्या ट्यूबलाइटखाली दाखवायला लागला. सरांनी तेव्हाही का ते सांगितलं नव्हतं. चाळणी आणा, म्हणाले होते.

सवालीरामाचंही त्यानेच सांगितलं. कार्यक्रमात सवालीराम नावाचं एक काल्पनिक पात्र होतं, मुलांनी त्याला पत्र लिहायचं आणि उत्तर यायचं. सर स्वतःच्या पैशांनी पोस्टकार्डांचा गठ्ठा आणून ठेवायचे, पंधरा पैशांना एक. त्याने विचारलं होतं, बैलाला स्वप्न पडतं का? उत्तर आलं होतं. काय आलं होतं ते आता आठवत नाही म्हणाला, पण कार्ड आहे घरी.

२००२ मध्ये सरकारने तो कार्यक्रम बंद केला. शाळांतून प्रयोगाच्या पेट्या कपाटांत गेल्या, नवी पुस्तकं आली, त्यांत प्रश्नांबरोबर उत्तरंही होती. पुड्या त्याबद्दल फारसं कडवट बोलला नाही. बदल्या झाल्या, पोलिओची आणि मतदार यादीची कामं झाली, मधल्या वेळात तो काड्या आणि व्हॉल्व्ह ट्यूबवर भागवत राहिला. व्हॉल्व्ह ट्यूब मिळेनाशी झाली तेव्हा सायकलवाल्यांकडून जुनी गोळा करायचा.

मला खरं बोचतं ते वेगळंच. तेराव्याला इतकी माणसं आली, कोणी नर्स, कोणी पटवारी, एकजण थेट नाशिकहून, आणि प्रत्येकाकडे सरांची एकेक गोष्ट होती. माझ्या वाट्याला तो शेवटची तीसेक वर्षं जवळजवळ गप्पच होता. आम्ही छप्पन दुकानवर पोहे खाल्ले, थंडीत सराफ्यात गराडूचा तळलेला कंद खाल्ला, वरून जीरावन मसाला मागून घेतला, मुलांची लग्नं केली. पण मी काही विचारलं की तो खांदे उडवायचा. मी कधीकधी मुद्दाम चिथवायचो, सांग ना भिया, हा गराडू आतून पांढरा कसा? बऱ्हाणपूरचा मामा काय म्हणतो? तो नुसता हसायचा. त्याच्या पोरांना सर मिळाला हे चांगलंच झालं, पण त्यासाठी माझा पुड्या गेला, आणि त्याबद्दल मला कोणी विचारलं नव्हतं.

हे सगळं मी गेल्या आठवड्यात त्याच्या मुलीला सांगितलं. ती बँकेत असते, बापासारखीच भुवई उचलून ऐकते. हत्तीची हाडकं, नर्मदेची घंटा ऐकून तिला हसू आवरेना. वहिनी आतून ओरडल्या, ‘हे मला लग्नाआधी कोणी सांगितलं असतं तर!’ मग मी झांकीची गोष्ट काढली, गोणपाट, बिडी, अंगठ्याची सुतळी, सगळं. ती हसायची थांबली.

‘काका, तिथे अजून कोण होतं?’

मी आमच्यातल्या तिसऱ्याचं नाव सांगितलं. तो आता पुण्यात असतो. तिने तिथल्या तिथे माझ्याकडून नंबर घेऊन फोन लावला, स्पीकरवर टाकला, आणि मला बोटाने गप्प बसायची खूण केली. झांकीच्या आत शिरला होतात तेव्हा काय दिसलं, एवढंच विचारलं. तो आठवून आठवून बोलला. गोणपाट त्याला आठवत होतं, सरसाचा वास आठवत होता. ‘आत मोटर होती बेटा, पंख्याची जुनी मोटर, आणि सायकलचं चाक. चाकाला खिळा, त्याने जबडा वर जायचा. माणूस? छे, माणूसबिणूस कुठला! तो तर परत येताना जेल रोडवर तुझ्या बाबाने घुसवला. बिडी ओढत होता म्हणे, अंगठ्याला सुतळी म्हणे. रस्ताभर तोंड बंद नव्हतं त्याचं.’

तिने फोन ठेवला. मी म्हटलं, अगं, मी त्या बिडीचं लाल टोक पाहिलंय. ‘क्या है रे’ ऐकलंय. तिने मान डोलावली, ती पटल्याची नव्हती. हातातल्या कागदावर दोन रकाने पाडले, एकात माझं, एकात पुण्याचं. मग विचारलं, त्या वर्षी झांकी बांधणाऱ्यांपैकी कोणी आहे का अजून? नंदानगरात वायरिंगवाले एक काका आहेत, पंच्याऐंशीच्या पुढचे, ऐकू कमी येतं, सकाळच्या वेळी बोलतात नीट. रविवारी जायचं ठरलं. मी गाडी काढतो म्हटलं.

‘काढा,’ ती म्हणाली, ‘पण काका, तिथे गेल्यावर आधी तुम्ही काही बोलायचं नाही. मी विचारेन.’